खिचडीचा एक घास

मुलांना खिचडी वाढण्याआधी शिक्षकाने एक घास खाऊन रजिस्टरवर सही करायची, असा नियम आहे. अमडापूरजवळच्या आमच्या शाळेत ते काम माझ्याकडे होतं. दोन वर्षं मी घास खाऊन सही ठोकून मोकळी होत असे. मग एका दुपारी मनात आलं, आपणच यात काही टाकलं असेल तर? फिनाईल, उंदराचं औषध, काहीही.

टाकलं नव्हतं. ते मला पक्कं माहीत होतं, पण त्याचा काडीचाही उपयोग होत नव्हता. मी पातेल्यात डाव फिरवून बघायची, वास घ्यायची, हात धुवून यायची, परत बघायची. घास तोंडात जाईना. मुलं ताटं घेऊन ओळीत ताटकळायची.

एक दिवस मी भरलेलं पातेलं शाळेमागे ओतायला लावलं. पाल पडली, असं खोटंच सांगितलं. स्वयंपाक करणाऱ्या ताई बौद्ध वस्तीतल्या, त्यांची मुलगी माझ्याच चौथीच्या वर्गात. ओतलेल्या खिचडीत काडी घालून ताईंनी पाल शोधली. सगळी खिचडी उलटीपालटी केली आणि उठल्या.

"पाल तं नाही दिसून राह्यली, मॅडम. माह्या हातचं तुमाले चालत नाही, तेवढं सरळ सांगा ना."

मी रजिस्टर उचललं आणि वर्गात निघून गेले. खरं सांगितलं तर नोकरी जाईल, पोलीस येतील, असं मला वाटत होतं. त्यापेक्षा जात पाळणारी बाई ठरलेलं परवडलं. हे लिहितानाही मला स्वतःची किळस येते.

सहीचं काम दुसऱ्या सरांकडे गेलं. ताईंनी माझ्या टेबलावर पाणी ठेवणं बंद केलं.

घरीही मी स्वयंपाक सोडला, तेव्हा नवऱ्याने मला चिखलीहून बुलढाण्याला एका समुपदेशक बाईंकडे नेलं. पहिल्या वेळी मी एवढंच म्हटलं, हात फार धुते. "न धुतले तर काय होईल असं वाटतं?" त्यांनी विचारलं. मी पंख्याकडे बघत अर्धा तास घालवला आणि घरी आले. दुसऱ्या वेळी सांगितलं. मुलांना मी मारून टाकेन असं वाटतं, हे वाक्य बोलायला मला चार वेळा सुरुवात करावी लागली.

बाईंनी कुणालाही फोन केला नाही. "हा ओसीडी आहे, नको ते विचार डोक्यात अडकून बसण्याचा आजार. असले विचार घेऊन माझ्याकडे पुष्कळ लोक येतात," म्हणाल्या. मला हायसं वाटलं नाही, संताप आला. एवढंच ऐकायला मी वर्ष घालवलं होतं, आणि तेही त्या ताईंच्या जिवावर.

"पण मी काही टाकलं नसेल ना?" मी विचारलं. त्याचं उत्तर त्या आजतागायत देत नाहीत; दिलं की तुम्ही पुन्हा विचाराल, म्हणतात. कोरड्या आहेत. त्यांनी काम दिलं. रोज एक घास खायचा. वास घ्यायचा नाही, पुन्हा बघायचं नाही, कुणाला विचारायचं नाही.

सोमवारी मी स्वयंपाकखोलीत जाऊन ताईंना सगळं सांगितलं. त्या खिचडी ढवळत होत्या. ढवळणं थांबलं नाही.

"तवाच काऊन नाही सांगतलं?"

"भीती वाटली."

"म्या घरी जाऊन पोरीले सांगतलं, मॅडम आपल्या हातचं खात नाही. लय रडली ते. आता तिले तुमीच सांगा. माह्यानं नाही होत."

त्यांनी ताटात खिचडी वाढून माझ्यापुढे सरकवली. मी ताट घेऊन ओळीत त्या मुलीशेजारी बसले. वास न घेता घास तोंडात घातला, चावला, गिळला. मग तिच्याकडे वळून म्हटलं, "छान केलीय गं तुझ्या आईनं."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. आपलं ताट उचललं आणि ओळीच्या पार शेवटी जाऊन बसली.