पन्नासचं पान

ताक मान्शिक आमचा फोरमन. बत्तीस वर्षं मी त्याच्या हाताखाली काढली. माणूस कसा होता म्हणून कुणी विचारलं, तर मी आधी त्याच्या खिशाचं सांगतो. डाव्या खिशात तेलाच्या फडक्यात गुंडाळलेलं एक पोलादी पान असायचं. जाडी अर्धा मिलिमीटर, म्हणजे शंभरातले पन्नास भाग, म्हणून आम्ही त्याला 'पन्नास' म्हणायचो. बायकोचा वाढदिवस विसरेल, पण हे पान घरी विसरला असं एकदाही झालं नाही.

गालमे बेटाची वीज तीन डिझेल इंजिनांवर चालायची. एकेक इंजिन खोलीएवढं. दर हजार तासांनी इंजिन थंड करायचं आणि टॅपेट सेट करायचे, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्हच्या डोक्यावर बरोबर अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवायची. फट थोडी जास्त राहिली तर इंजिन कटकट वाजतं, एवढंच. पण कमी राहिली तर तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि जळतो. फटीत पान घालून ओढून बघायचं. ते घासत यायला हवं, पण अडायला नको. बाकी सगळं बोटांचं काम.

आम्ही वीजकेंद्राच्या गेजने, म्हणजे तसल्याच मापाच्या पानाने, फट ठेवायचो. मग फोरमन आपलं पन्नास घेऊन यायचा आणि प्रत्येक फट पुन्हा तपासायचा. "सैल आहे रे. विजारीची नाडीपण अशीच बांधतोस का?" असं म्हणायचा आणि स्वतःच्या हाताने आवळून टाकायचा. आम्ही हसायचो. फोरमनचा हात, त्यापुढे कोण बोलणार?

बोलायचा तो एकटा प्यो जोंगदू. आमच्यात सगळ्यात लहान, आणि खरं सांगायचं तर हात सगळ्यात चांगला त्याचाच. एकदा दोन नंबरच्या इंजिनावर त्याने ठेवलेली फट फोरमनला सैल लागली.

"फोरमन, बरोबर आहे ती. परत बघा ना."

"मला शिकवतोस होय? तू चड्डीत होतास तेव्हापासून करतोय मी हे."

आणि फोरमनने ती आवळली. मी शेजारीच नट धरून उभा होतो.

त्यानंतर तीन आठवड्यांनी चुसोकचा, सुगीच्या पुनवेचा सण आला. सगळ्यांची पोरं शहरातून घरी आली होती, घराघरांत वाफा निघत होत्या, आणि दोन नंबरच्या इंजिनाचा व्हॉल्व्ह जळून तुटला. तुकडा आत पडला, पिस्टन फुटला. उरलेल्या दोघांना भार पेलला नाही आणि चार दिवस बेट अंधारात राहिलं. बर्फखान्यातली मासळी नासली. म्हाताऱ्यांनी आम्हाला तोंडावर शिव्या घातल्या, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

चौकशी झाली. वहीत सही जोंगदूची. फोरमन नंतर तपासतो, यासाठी वहीत रकानाच नव्हता. साहेबांनी विचारलं तेव्हा ताक म्हणाला, "पोरगा चांगला आहे, पण त्याच्या हाताला फट कळत नाही." खोटं बोलत नव्हता तो. मनापासून तसं वाटत होतं त्याला. मग मला विचारलं, तुम्ही शेजारी होतात का? मी म्हणालो, लक्षात नाही. मला फोरमनसोबत अजून कितीतरी वर्षं काढायची होती. लाज वाटते, पण असं झालं खरं.

जोंगदू बेट सोडून गेला. या गोष्टीला अकरा वर्षं झाली.

गेल्या वसंतात समुद्राखालून मोठी केबल आली आणि इंजिनं बंद करायचं ठरलं. हत्यारांची मोजदाद माझ्याकडे होती. गंमत म्हणून मी शेजारी उभ्या फोरमनकडून त्याचं पानही घेतलं आणि जाडी मापायच्या मायक्रोमीटरमध्ये धरलं. चव्वेचाळीस. मायक्रोमीटर बिघडला असेल म्हणून दुसऱ्या मायक्रोमीटरने मापलं. चव्वेचाळीसच.

मग डोक्यात प्रकाश पडला. खाऱ्या हवेने पोलाद गंजतं, म्हणून ताक दर शनिवारी ते पान बारीक पॉलिश पेपरने घासायचा. तान्ह्या पोराचं अंग पुसावं तसा. तीस वर्षं घासत होता, आणि पान झिजत होतं. पातळ पानाला बरोबर फटही सैलच लागणार, आणि आवळली की ती कमी पडणार.

"परत माप," ताक म्हणाला. मी मापलं. तो जिन्याच्या पायरीवर बसला.

"म्हणजे जोंगदूचा हात..."

"बरोबर होता."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने आम्ही दोघं मोक्पो बंदरात गेलो. फोरमनच्या घरून वहिनींनी वाळवलेल्या मासळीची जुडी बांधून दिली होती. जोंगदू मासळीबाजाराच्या दारात, वाहनतळाच्या टपरीत बसतो. गाडी आली की बटण दाबायचं, दांडा वर करायचा. केस सगळे पिकलेत.

ताकने फडकं उलगडून पान पुढे केलं. जोंगदूने ते अंगठ्यात आणि बोटात धरलं, एकदाच हलकं घासलं.

"हे पन्नास नाही," तो म्हणाला. "पंचेचाळीस असेल. जरा कमीच." मग त्याने ताककडे बघितलं. "हेच का ते?"

"हेच."

जोंगदूने पान उजेडात धरलं.

"जहाजाच्या कारखान्यातून दोनदा बोलावणं आलं होतं मला. नाही गेलो. म्हटलं, आपल्या हाताला कळत नाही, उगाच कुणाचं इंजिन मोडायचं."

ताक तिथेच, मासळीच्या पाण्यात गुडघ्यांवर बसला आणि डोकं खाली घातलं. एकाहत्तर वर्षांचा माणूस.

"उठा फोरमन," जोंगदू म्हणाला. "मागे गाड्या थांबल्यात." मग माझ्याकडे वळला. "तुम्ही तर शेजारीच उभे होतात ना, दादा?"

"होतो," मी म्हणालो.

त्याने मान हलवली, बटण दाबलं, दोन गाड्या सोडल्या. मासळीची जुडी ठेवून घेतली. पान पुसून परत फडक्यात गुंडाळलं आणि ताकच्या हातात दिलं.

"हे घेऊन जा. माझ्याकडे इंजिन कुठाय?"