पुनवेनंतरचे ठिपके

पवित्रा मॅडमनं हाटेलात कधी पाणी मागितलं न्हाय. लग्नाच्या पंगतीतबी पिशवीतनं आपली बाटली काढायची, आणि तीसुद्धा आधी उजेडाला धरून बघायची. जयसिंगपूरची पोरगी, घरात कानडी. संतापली की कानडीतच पुटपुटायची. बाटलीबंद पाण्याला सरकारी शिक्का सक्तीचा झाला, तवा आमच्या मालकांनी, सयाजीरावांनी, कसबा बावड्यातल्या त्यांच्या पाण्याच्या प्लँटवर तिला तपासणीला ठेवलं.

मी केरबा, बाटल्या भरायच्या मशीनवर. तिचा पयला संशय माझ्यावर. दिवसातनं चारदा हात पुढं करायला लावायची. एकदा चिडून म्हटलं, "मॅडम, हात बघून भविष्य सांगताय काय?"

"व्हय," ती म्हणाली. "नखं वाढल्यात. भविष्य वाईट हाय."

रोज ती थोडं पाणी काचेच्या बशीत घालून उबदार पेटीत ठेवायची. पाणी शुद्ध असलं तर दोन दिवसांनी बशी कोरी, न्हायतर ठिपके उठायचे. तोवर माल गोदामातच. बशा कोऱ्याच निघायच्या, पण महिन्यातनं एकदा ठिपके यायचे आणि त्या दिवसाचा आख्खा माल गटारात ओतावा लागायचा.

तिसऱ्यांदा ओतला तवा सयाजीराव म्हणाले, "केरबा, भरणारा तूच. अजून एकदा ठिपके दिसले तर घरी बस."

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? दोन पोरी शाळेत, आणि बावन्नाव्या वर्षी मला कोण कामावर घेणार?

मॅडमनं माझे हात कापसानं पुसून तो कापूस तपासला. नळी तपासली, बुचं तपासली. सगळं कोरं. तरी माझ्याकडं बघायची ते तिरकंच. मग एक दिवस वही घेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरापुढं उभी राहिली आणि ठिपके निघालेल्या मालाच्या एकेका तारखेवर बोट ठेवत गेली.

"मामा, पुनवेला हितं कोण येतं?"

मला काय ठावं? मी मशीन सोडून बघतोय कुठं?

पुढच्या पुनवेला ती सकाळपासनं टाकीच्या खोलीत खोक्यांमागं स्टूल टाकून बसली. मलाबी शेजारी बसवलं. "साक्षीला बसा," म्हणाली, पण मला वाटतं, नजरेखाली ठेवायला. दुपारी मालकांच्या आई, आक्का, आल्या. दर पुनवेला त्या नरसोबाच्या वाडीला जायच्या. हातात तांब्या. गाळून, शुद्ध करून झालेलं पाणी ज्यात साठायचं, त्या शेवटच्या टाकीचं झाकण त्यांनी उचललं, हात जोडले आणि तांब्याभर नदीचं तीर्थ आत ओतलं.

मॅडम उठली. आक्का दचकल्या न्हाईत. "गावोगावच्या माणसांच्या पोटात जातंय, पोरी. त्यात देवाचं चार थेंब नकोत व्हय?"

"दोन दिवस थांबा, आक्का," मॅडम एवढंच म्हणाली. दोन बशा भरल्या: एक सकाळीच काढून ठेवलेल्या पाण्याची, एक आत्ताच्या.

दोन दिवसांनी आम्ही सगळी टेबलापुढं उभी. एक बशी कोरी. दुसरीत ठिपकेच ठिपके.

सयाजीराव हळूच म्हणाले, "वहीत आईचं नाव नको. केरबाचं घाला."

आक्का चष्मा लावून बशीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सयाजी, देवाच्या नावावर लोकांच्या लेकरांना मी ही घाण पाजणार होते. माझंच नाव घाल, पोरी."

मॅडमनं लिहिलं. टाकीला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. इतके महिने जिनं मला चोर समजलं तिनं.

मूठ मिटणार तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा मामा. आधी नखं दाखवा."