सरासरी लोड

वीज कंपनीत तीस वर्षं तारा ओढून निवृत्त झालेल्या गृहस्थांना इमारतीत सगळे फ्यूजमामा म्हणत. बायको चिडली की तीही तेच म्हणे. मीटररूमची किल्ली त्यांच्याकडे होती. मान म्हणाल तर तेवढाच.

सोसायटीच्या अध्यक्षांनी वर्षभरात इमारत धूरमुक्त करून दाखवली. गॅस जाऊन विजेच्या शेगड्या आल्या, पेट्रोलच्या गाड्या जाऊन तळघरात बावीस चार्जर लागले. एवढ्या प्रगतीत बदलायचा राहिला फक्त ट्रान्सफॉर्मर. तो बिचारा साठ घरांच्या दिव्यापंख्यांपुरता बसवलेला.

मामांनी कंपनीला तीन पत्रं लिहिली. तिसऱ्या पत्राला इंजिनीअर लॅपटॉपसकट आला.

"काका, दिवसभराची सरासरी बघा. निम्मासुद्धा लोड नाही."

"साहेब, सरासरीने कुणी स्वयंपाक करत नाही हो. सातला सगळे एकदम घरी येतात. गाडी, गीझर, शेगडी, सगळं एकदम चालू!"

इंजिनीअरने 'रहिवाशाची शंका' अशी अदबीने नोंद केली. अध्यक्ष म्हणाले, "मामा, जग पुढे चाललंय. उगाच नाट लावू नका."

जगाने पुढे जायला मंगळवार निवडला. सात वाजून दहा मिनिटांनी गेटजवळचा ट्रान्सफॉर्मर गुरगुरला आणि धडाम् झाला. धूरमुक्त इमारतीसमोर एवढा धूर कुणी कधी पाहिला नव्हता.

तीन दिवसांनी दुसरा ट्रान्सफॉर्मर आला. तेवढाच. मामांनी मग कुणाला न विचारता चार्जरच्या पॅनेलला कुलूप ठोकलं आणि पाळ्यांचा तक्ता भिंतीला चिकटवला. पहिला नंबर पाचव्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंचा.

"अहो, मी अध्यक्ष आहे!"

"म्हणूनच तुम्हाला शेवटी ठेवलंय. त्याग पुढाऱ्यांनीच करायचा असतो ना?"

मामांनी घरचा गीझरही बंद ठेवला. बायकोने गार पाण्याने आंघोळ केली आणि दोन दिवस अबोला धरला. तो मात्र मामांना लागला. तक्ता फाडावा असंही एकदा मनात आलं, पण फाडला नाही.

चार महिने दिवे एकदाही गेले नाहीत. मग मोठा ट्रान्सफॉर्मर मंजूर होऊन बसला आणि पॅनेलचं कुलूप निघालं. समारंभात इंजिनीअर 'लोडचं नियोजन' या विषयावर बोलला आणि दूरदृष्टीबद्दल अध्यक्षांना चषक मिळाला. टाळ्या पडल्या तेव्हा मामा मीटररूममध्ये होते. सात वाजले होते, बावीसही गाड्या एकदम चार्जिंगला लागल्या होत्या. त्यांनी पॅनेलच्या दारावर तळहात ठेवला. नुसतं कोमट. झोपलेल्या पोराचा ताप उतरल्यासारखं त्यांना वाटलं.

ते वर आले तेव्हा चहा संपला होता.