त्रिंबक सरांची न ऐकलेली भाषा

त्रिंबक सरांनी अर्धं आयुष्य फ्रेंच शिकण्यात घातलं आणि ती एकदाही ऐकली नाही. अंबाजोगाईच्या रद्दीवाल्याकडून आणलेलं एक बिनपुठ्ठ्याचं पुस्तक, तोच त्यांचा गुरू. आता मराठी माणूस लिहिलंय ते वाचतो. म्हणायचं नसलेलं अक्षर कुणी लिहीलच कशाला? सर शब्दातल्या शेवटच्या अक्षरालाही सोडत नसत. इंग्रजीचंही तेच. केजजवळच्या आमच्या शाळेत फळ्यावर ए, ई, आय, ओ, यू काढायचे आणि म्हणायचे, "स्वर पाच. संपलं." आम्ही 'वुमेन' म्हणत मोठे झालो. कुणी हसलं नाही, कारण सगळा तालुकाच तसं म्हणायचा.

दुष्काळाच्या त्या वर्षी ऊसच नव्हता, म्हणून तोडीला जाणारी माणसंही गावातच होती. दूध संस्थेनं माळावर चारा छावणी काढली. ती बघायला फ्रान्समधल्या एका दूध संस्थेच्या बाई येणार होत्या. सोबत पुण्याचा दुभाषी होता, पण आमचे चेअरमन अर्जुनराव म्हणाले, "दुभाषी कशाला? आपल्याकडं त्रिंबक सर हायेत. स्वागत त्येच करतील."

सरांनी इस्त्रीचा सदरा घातला. मला म्हणाले, "आज खरं-खोटं कळंल रे." म्हणाले हसत, पण पुस्तक काखेत घेतलंच. त्यांची परीक्षा घेणारं आजवर कुणी भेटलंच नव्हतं.

गुरांच्या मधोमध उभं राहून सर पाण्याविषयी बोलले. फ्रेंचमध्ये पाण्याला तीन अक्षरं: ई, ए, यू. सरांनी तिन्हींचा मान राखला. "एआउ," ते म्हणाले. बाई नम्रपणे ऐकत राहिल्या. सर पुन्हा म्हणाले, आणखी मोठ्यानं. बाईंनी दुभाष्याकडं पाहिलं. त्यानंही नकारार्थी मान हलवली.

"सर," अर्जुनराव म्हणाले, "ही फ्रेंच केजची का धारूरची?"

सगळी छावणी हसली. सरांनी खाली बघतच कोरड्या हौदाकडं बोट दाखवलं.

"ओ," बाई म्हणाल्या. एवढंच.

"तीन अक्षरं, आन् आवाज नुसता ओ?" सर पुटपुटले. मग त्यांनी बाईंना इंग्रजीत विनवलं, सावकाश म्हणा, आणि पुस्तक मिटून त्यांच्या ओठांकडं बघत राहिले. पण फ्रेंचमधला सुटा 'यू' सरांना काही केल्या जमेना. जीभ 'ई'ची आणि ओठ 'ऊ'चे, हे कसं करायचं? शेजारी भिवराबाई फुंकणीनं चूल पेटवत होती. सर तिच्या तोंडाकडं बघत थबकले.

"माज्याकडं काय बघताव सर? चाय टाकायलेय."

सरांनी ओठ फुंकणीला लावल्यासारखे केले आणि आतून 'ई' म्हटलं. बाईंचा चेहरा उजळला. सरांचा नाही; इंग्रजीही आपण अशीच नुसती वाचून शिकवली, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. निघायच्या आधी त्यांनी दुभाष्याला गाठलं आणि शाळेतले इंग्रजी शब्द एकेक करून त्याच्याकडून वदवून घेतले. जो जो शब्द वेगळा निघाला, तो सर पुस्तकाच्या कडेला लिहीत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर माझ्या मोटारसायकलवर मागं येऊन बसले. "धारूरला चल. आपला भारत तिथं इंग्रजी शिकवतो. म्या शिकवलं तेच शिकवत असंल."

भारत हा सरांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. आम्ही पोचलो तेव्हा पोरं एका सुरात 'वुमेन' म्हणत होती. सर गुपचूप शेवटच्या बाकावर बसले आणि त्यांनी हात वर केला.

"सर, तुमी?" भारतच्या हातातला खडू तसाच राहिला.

"विमिन," सर म्हणाले. "लिहितात ओ, पण आवाज इ."

"तुमीच तर वुमेन शिकवलंत."

"म्हणून तर आलो. चूक माजी हाय, तुजी न्हाई. सांग त्यान्ला."

"पोरांसमोर?" भारतनं हळूच विचारलं.

"शिकवलंस ते पोरांसमोरच ना?"

भारतनं फळ्याकडं पाहिलं, मग पोरांकडं. "माझ्या तोंडाकडं बघा," तो म्हणाला. पोरांबरोबर सरांनीही मागच्या बाकावरून शब्द म्हटला, कोऱ्या करकरीत विद्यार्थ्यासारखा.

परतताना रस्ताभर गरम वाऱ्यात त्यांचा तो फ्रेंच 'यू' मधूनमधून माझ्या कानाशी येत होता. गाव जवळ आल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

"दिंद्रुडच्या शाळेत कोण हाय रे आपलं, शिकवणारं?"