आईचं विमान कुठलं?

सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून उत्तरेकडे निघालेली विमानं छान दिसतात. बाकीचे लोक तिथे पापड वाळवतात, मी कॅमेऱ्याला मोठी लेन्स लावून बसतो. फोटो काढणं सोपं, खरी मजा नंतर त्यावर लिहिण्यात. कंपनी कुठली, मॉडेल कुठलं, पंखाखाली रंगवलेला नंबर काय. नंबर वाचता आला नाही तर जागा कोरी ठेवायची, अंदाजपंचे काही ठोकायचं नाही. या बाबतीत मी भलताच खडूस आहे.

गेल्या महिन्यात आई पहिल्यांदाच विमानात बसली. ताई तिला दिल्लीला आपल्या घरी घेऊन चालली होती.

"तू विमानतळावर येऊन काय दिवे लावणार? बाहेरच उभा राहशील," आई म्हणाली. "त्यापेक्षा गच्चीवर जा आणि माझ्या विमानाचा फोटो काढ. चांगला काढ हं, मला सगळ्यांना दाखवायचाय."

त्या दिवशी एकाच कंपनीची दोन विमानं पाठोपाठ आली. पहिल्याचा फोटो खणखणीत, नंबराचं अक्षर न् अक्षर स्पष्ट. दुसऱ्याचा हलला, वर शेपूटही कापलं गेलं. पहिल्यावर नंबर लिहिला, खाली 'आईचं विमान' लिहिलं आणि पाठवूनही दिला. हुरळलो होतो, दुसरं काय!

दिल्लीला पोचल्यावर आईचा फोन. "फोटो झकास आलाय रे. पण व्हीटी कशाला लिहिलंयस? मी काय व्हीटीवरून गेले?"

इकडे उपनगरात यायच्या आधी आमची सगळी हयात गिरगावात गेलेली. आईला व्हीटी म्हणजे एकच, स्टेशन. आपल्याकडच्या विमानांचे नंबर त्याच दोन अक्षरांनी सुरू होतात, हे सांगताना हसून हसून माझी पुरेवाट झाली.

"असं होय! मी ताईच्या शेजारणींना सांगून बसले, मुलगा जरा वेंधळाच आहे म्हणून."

संध्याकाळी मोठी प्रिंट काढायला टाकण्याआधी, सवयीने, तिच्या फ्लाइटला कुठलं विमान लावलं होतं ते ॲपवर पाहिलं. नंबराचं शेवटचं अक्षर जुळेना. मेलो! आईचं विमान दुसरं होतं, ते हललेलं.

गप्प बसलो असतो तर कुणाला कळणार होतं? पण आई दिल्लीभर भलत्याच विमानाचा फोटो मिरवणार, हे काही मला सोसेना. दुसरा फोटो पाठवला आणि भीत भीत फोन केला.

"अरे देवा! एवढ्या जणींना दाखवला मी तो!" आई वैतागलीच. "आणि हे काय? शेपूट कुठाय? इतकी वर्षं गच्चीवर करतोयस तरी काय?"

"एका हाताने काढला गं. दुसऱ्या हाताने टाटा करत होतो."

"पण तुला तर पहिलं माझं वाटलं होतं ना? मग याला कशाला टाटा?"

"म्हटलं, चुकून यात असलीस तर."

आईने तिकडे ताईला हाक मारली, "अगं, तो आधीचा काढून टाक. हा ठेव."