वन्संचं गॅरेज आणि माझी टापटीप

माझ्या नणंदेला मोटारीचं वेड आहे, हे लग्न ठरताना मला कुणी सांगितलं नव्हतं. वन्संनी लग्न केलं नाही, मोटार केली, असं माझा नवरा म्हणतो. तो त्यांचा थोरला भाऊ. वन्सं वयाने माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, पण मला अहोजाहो करतात. बत्तीस वर्षं एका कचेरीत टायपिंग केलं आणि प्रत्येक सुट्टीचा दिवस घालवला तो घराला लागून असलेल्या गॅरेजात, त्या जुन्या पांढऱ्या गाडीच्या पोटात डोकं खुपसून.

गॅरेज कसलं, उकिरडाच तो. घरात जे जे नकोसं झालं ते तिथे गेलं. मुलांच्या पाळण्यात वन्संच्या पकडी, मोडक्या कूलरच्या पोटात हातोड्या, रंगाच्या रिकाम्या डब्यात नटबोल्ट. मला पसारा दिसला की माझं डोकं फिरतं. माझ्या स्वयंपाकघरात चमच्यालासुद्धा त्याची जागा सोडून बसायची परवानगी नाही.

तर वन्सं आठवडाभर मावसबहिणीकडे गेल्या आणि मी पदर खोचला. पाळणा, कूलर, रद्दी सगळं बाहेर काढलं. सुताराकडून भिंतीवर प्लायवूड ठोकून घेतलं, त्याला गडद निळा रंग दिला आणि प्रत्येक हत्यार खिळ्याला टांगून त्याच्याभोवती पांढऱ्या रंगाने त्याचा आकार काढला. पाना कुठला, पक्कड कुठली, लहान पोरालाही कळावं. चार दिवस खपले, कंबर धरली, पण भिंत अशी देखणी झाली की शेजारीण मुद्दाम बघायला आली.

वन्सं परत आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, छान झालंय. बस्स, एवढंच. त्यानंतर पंधरा दिवस गॅरेजातून खुट्ट आवाज नाही. मी मनातून धुसफुसत होते. एवढं राब राब राबले आणि बाईंच्या तोंडून धड कौतुकही नाही. वर एक दिवस जेवताना त्यांनी सहज सांगावं तसं सांगितलं, की गाडी विकायची ठरवली आहे आणि रविवारी गिऱ्हाईक येणार आहे.

माझा तिळपापड झाला. दुपारी जाब विचारायलाच मी गॅरेजात गेले. वन्सं भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. हातातला पाना टांगायला त्या खिळा शोधत होत्या. तळहात प्लायवूडवरून फिरत होता, खिळ्याच्या शेजारून दोनदा गेला. मग पाना खाली पडला आणि तो उचलायला वाकल्या, तेव्हा त्यांचा हात भलतीकडेच चाचपडत राहिला. माझे पांढरे ठळक आकार त्यांच्या नाकासमोर होते.

मी नुसती हाक मारली. त्या दचकल्या, मग तिथेच स्टुलावर बसल्या.

"कडेचं दिसणं सगळं गेलंय, वहिनी. मधलं थोडं उरलंय, तेही धुरकट. डॉक्टर म्हणतात, गेलेलं येत नाही. डोळ्यांत थेंब घालून उरलेलं टिकवायचं."

आठ महिने झाले होते कळून. आठ महिने त्या पसाऱ्यात काम करत होत्या, कारण तो पसारा त्यांच्या हातांना पाठ होता. पाळण्याच्या डाव्या कोपऱ्यात पक्कड, कूलरच्या जाळीमागे लहान हातोडी. आणि मी शहाणी, चार दिवसांत ते सगळं पुसून टाकलं होतं. मला रडू फुटलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी त्यांना ताडताड बोलले. मी काय परकी होते का, एका घरात राहून तोंडाला कुलूप लावलंत, आता कशाला गाडी विकता, असं बरंच काही.

शेवटी मी म्हटलं, डोळे मिटा आणि सांगा, हात आधी कुठे जातो.

त्या सांगत गेल्या आणि मी खिळे उपटत गेले. प्लायवूड कोपराच्या उंचीवर आणलं. हत्यारं लहानमोठी न लावता, कामाला ज्या क्रमाने लागतात त्या क्रमाने लावली. पान्यांच्या दांड्यांवर कानशीने खाचा पाडल्या, दहा नंबरला एक, बाराला दोन, चौदाला तीन. नटांच्या प्रत्येक डबीच्या झाकणावर आतलाच एक नट चिकटवला. दारापासून टेबलापर्यंत दोरी बांधली. मग डोळ्यांवर टॉवेल बांधून मी स्वतः एक फेरी मारली आणि जॅकवर अशी नडगी आपटली की वन्सं महिन्याभरात पहिल्यांदा खळखळून हसल्या. त्या दिवसापासून घरात नियम झाला, जमिनीवर कुणी काही ठेवायचं नाही आणि हत्यार जागेवर ठेवायचं ते वन्संनीच. मीसुद्धा हात लावायचा नाही. मला हे किती जड गेलं ते माझं मला माहीत.

एवढं होऊनही रविवार काही टळला नाही. गिऱ्हाईक आलं, सभ्य गृहस्थ होते. इंजिन चालू करून बघितलं तर ते ठसकत होतं. टायमिंग बिघडलंय, खर्चाचं काम आहे, असं ते म्हणाले. वन्संनी मान जराशी तिरकी करून ऐकलं. हात भिंतीकडे गेला आणि एका खाचेचा पाना घेऊन आला. बॉनेटखाली वाकून त्यांनी एक बोल्ट सैल केला, ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला, ऐकलं, आणखी केसभर फिरवला आणि बोल्ट आवळला. ठसका थांबला. इंजिन एका लयीत चालू लागलं. गृहस्थ बघतच राहिले आणि म्हणाले, सांगाल ती किंमत.

"विकायची नाही," मी मध्येच बोलले.

वन्संनी इंजिन बंद केलं. पाना जागेवर टांगला.

"वहिनी, दुरुस्त मी करेन हो मरेपर्यंत. पण चालवणार कोण? तुमच्या नवऱ्याला तर गिअर म्हटलं की घाम फुटतो. उभी गाडी सडते."

मी बावन्न वर्षांची. आयुष्यात कधी सायकलवर बसले नाही. पण तोंडातून शब्द निघून गेले.

"मी शिकेन."

गृहस्थांना निरोप नवऱ्याने दिला, आम्हा दोघींना भान नव्हतं. वन्सं गाडीला हात लावत लावत वळसा घालून आल्या. चालकाच्या बाजूचं दार त्यांनी उघडून धरलं, माझा दंड पकडून मला आत बसवलं आणि स्वतः शेजारच्या सीटवर येऊन बसल्या.

"डावा पाय क्लचवर," त्या म्हणाल्या. "रस्ता तुम्ही बघा, इंजिन मी ऐकते."