लाकडी विमानाचा कोष्टी

आमचे बाबा, शालिकराम कोष्टी, दुसऱ्या महायुद्धात होते असं सांगितलं की लोक बंदुकीचं विचारायचे. बाबांनी बंदूक कधी धरली नाही, सुई धरली. कलकत्त्याजवळच्या एका विमानतळावर रात्री लढणाऱ्या विमानांना कपडा शिवायचं, चिकटवायचं काम त्यांच्याकडे होतं. आमच्या विणकरांच्या तांडापेठेत हे कोणाच्या पचनी पडेल तर शपथ!

"लाकडाचं विमान, अन् त्याले कपडा? शालिकराम, उद्या भाताचं इंजिन सांगशीन गा!" शेजारचे बाबनराव म्हणायचे, आणि सगळी गल्ली हसायची.

बाबा चिडायचे नाहीत, उलट रंगात यायचे. सकाळी गल्लीभर सूत ताणून त्याला भाताची खळ लावता लावता त्यांचं सुरू व्हायचं. काय सुंदर सकाळी होत्या त्या! अंधारात शत्रूचं विमान दिसायचं नाही, म्हणून आधी खालून प्रकाशाचे झोत टाकायचे आणि वैमानिक बिचारा डोळे ताणून शोधायचा. मग रडार आलं. ब्यूफायटर विमानाच्या नाकावर त्याच्या तारा बाहेर निघालेल्या असत, "या बाबनरावाच्या मिशा पाहा, तशा." वैमानिकासोबतचा दुसरा माणूस काचेवरचा हिरवा ठिपका पाहून डावीकडे, उजवीकडे सांगे. पुढे मॉस्किटो आलं. ते लाकडाचं, वरून कपडा चिकटवलेलं, हलकं आणि पळायला वस्ताद. त्यातल्या नव्या विमानांच्या मिशाही गेल्या, रडार गोल नाकाच्या आत जाऊन बसलं. आधी रात्रीच्या विमानांना काजळीसारखा खरखरीत काळा रंग देत. तो वारा अडवतो, वेग खातो हे कळल्यावर गुळगुळीत रंग आला. त्या रंगाला पिकल्या केळ्यांचा वास यायचा म्हणे.

इतकं सांगून बाबा सुताकडे वळत. पुढचं विचारलं की, "सूत वाळून राहिलं, हात चालवा," म्हणत.

एकोणपन्नास साली सोनेगावच्या विमानतळावरून रात्रीची टपालाची विमानं सुरू झाली. त्यानंतर वर्षभरात सदर भागातले ताराचंद फिटर आमच्याकडे आले. ते कलकत्त्याला बाबांसोबत होते आणि आता सोनेगावला नोकरीत होते. टपालाचं डाकोटा विमान धातूचं असलं तरी त्याच्या शेपटाच्या सुकाणूवर कपडा असतो आणि तो शिवणारा माणूस त्यांना हवा होता.

"मले नाही जमत," बाबा म्हणाले.

आई आतून बाहेरच आली. मिलच्या कापडापुढे आमचा माग केव्हाचा धापा टाकत होता. "काहून नाही जमत? इतके साल त्याचंच पुराण सांगून राहिले ना सगळ्याले? आता घरी चालून आलं तं नाही म्हणता?"

 बाबा आईला नाही, ताराचंदकाकांना म्हणाले, "एका मॉस्किटोच्या पंखावर मी कपडा लावला होता. हाताले खरखरीत लागला. मंग आपल्या सवयीनं भाताची खळ लावली अन् वरून त्यायचा रंग. दुसऱ्या विमानाले असंच केलं तं रंगाचे पोपडे निघाले. सार्जंटानं मायबाप काढले माझे. पण पहिल्या पंखाचं मी सांगितलं नाही गा. भेलो. ते विमान वापस नाही आलं. दोन पोरं होते त्यात."

 आमचे हसरे बाबा एवढं ओझं घेऊन आमच्यात वावरत होते आणि आम्हाला पत्ताही नव्हता.

"अन् तुले लगेच हिवताप झाला, घरी धाडलं," ताराचंदकाका हळूच म्हणाले. "म्हणून तुले माहीत नाही. ते तुकडे उचलाले मी गेलो होतो. लाकूड जोडायचा सरस सुटला होता रे, बंगालच्या ओलीनं. पंख आतूनच उकलला. मंग सगळे मॉस्किटो जमिनीवर ठेवून तपासले. तुझा कपडा फळीले चिकटूनच होता. मले ओढून काढावा लागला."

बाबा ओक्साबोक्शी रडले. मोठा माणूस तसा रडताना मी पहिल्यांदा पाहिला. थोड्या वेळानं तोंड पुसून म्हणाले, "पण पोरं तं गेलेच ना गा."

तरी आठवड्याभरात ते सोनेगावला गेले. डाकोटाचं सुकाणू शिवलं, रंगवलं. चाचणीसाठी विमान उडवायची वेळ आली तेव्हा बाबा अडून बसले, की पहिल्यांदा मीच बसणार. आमच्या घरी नव्या मागावरचं पहिलं लुगडं विकत नसत, घरच्याच बाईनं नेसायचं. खोट असेल तर ती आधी आपल्या अंगावर निघावी. साहेबांना ही रीत काय कळणार! पण वैमानिक हसला आणि म्हणाला, या.

आई आणि मी कुंपणापाशी उभ्या होतो. विमान वर गेलं तसा आईनं माझा हात असा आवळला की बांगड्या रुतल्या. ज्या नोकरीसाठी ती भांडली होती, तिलाच आता तोंडातल्या तोंडात शिव्या देत होती. विमान वळलं, शेपूट हललं, आणि ते नीट खाली आलं.

बाबा उतरले ते कपडे ओकारीनं बरबटवूनच. आईनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं. "काय दिसलं वरतून?"

"काही नाही वं. डोळे मिटून बसलो होतो." मग म्हणाले, "त्या पोरायनंही असाच भरवसा ठेवला असन ना माझ्यावर? त्यायले तं माझं नावही माहीत नव्हतं."

 आईनं त्यांची टोपी सरळ केली आणि आम्ही तिघं घराकडे निघालो.